शीटमधली बेरीज आणि कॅल्क्युलेटरची बेरीज जुळत नाही, राउंड नक्की कुठं करायचं? (दूध संकलनाचा हिशोब)

संकलन_हिशोब यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा प्लीज, कारण परवा संस्थेत यावरून बरीच बोलाचाली झाली आणि मला नीट उत्तर देता आलं नाही.

आमच्या गावच्या दूध संस्थेचा हिशोब मी एक्सेलमधे ठेवतो. साधारण १४० उत्पादक, रोजचं १२०० लिटरच्या आसपास गायीचं दूध, सकाळ संध्याकाळ दोन वेळा, दर दहा दिवसांनी बिल. मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं, त्यावरून दरपत्रकातून दर उचलतो, लिटर गुणिले दर, झालं. ३.५ फॅट / ८.५ एसएनएफला ३४ रुपये बेस आहे आणि फॅटच्या प्रत्येक पॉइंटला (म्हणजे ०.१ ला) ३० पैसे वर-खाली.

अडचण अशी आहे की छापलेल्या बिलावर जे आकडे दिसतात त्यांची बेरीज एका काकांनी कॅल्क्युलेटरवर केली, तर खाली छापलेल्या एकूण रकमेपेक्षा ९ पैसे जास्त आली. नऊच पैसे, पण ते म्हणाले "माझ्या बिलात नऊ, तर सगळ्यांच्या मिळून किती, आणि जातात कुठं?" आता त्यांचं काय चुकलं, दिवसाला दोनदा डोक्यावरनं दूध आणून घालणारा माणूस पैशाचा हिशोब विचारणारच. मी म्हटलं कॉम्प्युटरचं राउंडिंग आहे, पण ते उत्तर मलाच पटलं नाही.

दुसरं म्हणजे वार्षिक सभेसाठी तक्ते करायचेत. आत्ता माझ्या तक्त्यात वर्षाचं दूध ४,३८,२१६.३५ लिटर, रक्कम १,४८,९९,३५५.९० असं सगळं येतंय, सरासरी फॅट तर ३.५७१४२८५७ वगैरे, समोर बसलेल्या माणसाला यातनं काहीच कळत नाही. आणि वाडीनिहाय टक्के काढले तर बेरीज १०१ येतेय!!

तर कुठं राउंड करायचं, कुठं नाही, याचा काही सरळ नियम आहे का? आम्ही मुद्दाम कुठंच राउंड करत नाही, फक्त सेल फॉरमॅटमधे दोन दशांश लावलेत.

---

शीटवाला

दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. फॉरमॅटमधे दोन दशांश लावले म्हणजे आकडा गोल झाला नाही, फक्त तसा दिसतोय. आत सेलमधे पूर्ण शेपूट तसंच असतं आणि बेरीज त्या शेपटासकट होते.

तुमच्याच दरावर करून दाखवतो. ३३.७० दर धरा, म्हणजे ३.४ फॅटचा.

५.३५ लिटर = १८०.२९५, दिसतं १८०.३०
४.८५ लिटर = १६३.४४५, दिसतं १६३.४५
६.१५ लिटर = २०७.२५५, दिसतं २०७.२६

दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज ५५१.०१. सेलमधल्या खऱ्या आकड्यांची ५५०.९९५, ती दिसते ५५१.००. तीन ओळीत एक पैसा गेला, दहा दिवसाच्या बिलात वीस ओळी, म्हणजे काकांचे नऊ पैसे अगदी बरोबर आहेत आणि चोरी कुणीच केलेली नाही.

उपाय म्हणजे जिथं रक्कम बिलावर छापून उत्पादकाच्या हातात जाते त्या कॉलममधेच राउंड फंक्शन लावा, =राउंड(लिटर*दर,२) असं, आणि बेरीज त्याच कॉलमची घ्या. मग कागद आणि शीट कायम जुळणार, कुणीही कॅल्क्युलेटर घेऊन बसू दे. लिटर, फॅट, एसएनएफ हे मशीनवरनं आलेले कॉलम मात्र आहेत तसे राहू द्या, त्यांना हात लावायचा नाही. गोल करायचं ते नेहमी बाजूच्या नवीन कॉलममधे.

आणि एक कळकळीची विनंती. एक्सेलच्या ऑप्शनमधे ॲडव्हान्स्डखाली "सेट प्रिसिजन ॲज डिस्प्लेड" म्हणून एक टिक आहे. कुणीतरी सांगेल की ती मारा, सगळं जुळतं. जुळतं खरं, पण त्या वर्कबुकमधे जे आकडे टाइप केलेले असतात त्यांचे दिसत नसलेले दशांश कायमचे पुसले जातात, टिक काढली तरी परत येत नाहीत. मी एकदा द्राक्षाच्या वजनांच्या फाइलमधे ही टिक मारली होती, वजनाचा कॉलम त्या वेळी शून्य दशांशावर होता, सगळ्या पेट्यांचे ग्राम गेले. ४.८२० किलो आणि ५.३१० किलो दोन्ही ५ झाले. बॅकअप नव्हता. अख्ख्या सीझनची वजनं वह्यांतनं परत भरावी लागली, तीही निम्मीच सापडली.

---

ऑडिटवाली_ताई

वरचं उत्तर बरोबर आहे, मी संस्थांचे हिशोब बघते म्हणून अजून थोडं सांगते.

पैशापर्यंत राउंड केल्यावर शेवटी बिल द्यायचं रुपयात, कारण २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर बंदच झाली, ५० पैशाचं नाणं कायद्याने चालतं पण हातात कुणाकडे दिसत नाही. मग एकूण बिल रुपयाला गोल करताना ५० पैसे आणि वर असेल तर पुढचा रुपया, खाली असेल तर सोडायचा. पण हा फरक हवेत सोडू नका. बिलावर एक ओळ छापा, "राउंड ऑफ ०.३५" किंवा "राउंड ऑफ -०.२०", आणि टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधे) राउंड ऑफ नावाचं लेजर म्हणजे खातं काढून तिकडे टाका. १४० बिलं असतील तर एका वेळी हा सगळा फरक मिळून बहुतेक वेळा तीन चार रुपये इकडे नाहीतर तिकडे एवढाच येतो, कारण काहींचं वाढतं काहींचं कमी होतं. प्रत्येक वेळी तो एकाच बाजूला जायला लागला की समजा कुठंतरी फंक्शन चुकीचं बसलंय. मी तर आधी तेच लेजर उघडून बघते.

काकांना सांगताना "कॉम्प्युटरचं आहे" असं नका सांगू हो. ती ओळ दाखवा. माणसाला आकडा दिसला की समाधान होतं.

आता सभेचे तक्ते. तिथं तुम्ही पैसे वाटत नाही, चित्र दाखवताय, तर बिनधास्त गोल करा. ४.३८ लाख लिटर, १.४९ कोटी रुपये, सरासरी फॅट ३.५७, एवढंच. एक्सेलच्या फॉरमॅटमधे हजार आणि मिलियनने आकडा आटोपशीर करता येतो, लाखाने येत नाही, म्हणून वेगळा कॉलम घ्या आणि १००००० ने भागा, कॉलमच्या डोक्यावर "लाख लिटर" लिहा म्हणजे प्रत्येक सेलमधे लिहायला नको. ज्यांना पूर्ण आकडा हवा त्यांच्यासाठी अहवालाच्या मागच्या पानावर सगळे पैशापर्यंत असू द्यात.

टक्क्यांचं काय आहे, तुमचे वाडीनिहाय लिटर टाका इथे, बघून सांगते.

---

संकलन_हिशोब

ताई, शीटवाला दादा, खूप आभार. राउंडचा कॉलम लावला, मागची तीन बिलं तपासली, आता पैशाला पैसा जुळतोय.

गेल्या दहा दिवसांचे लिटर असे: गावठाण ४८८५, मळा ३५६७, वरची वाडी २२४३, खालची वाडी १३४५, एकूण १२,०४०. टक्के ४१, ३०, १९, ११.

अजून एक दिसलं. बिलं छापायला एका मुलाने मॅक्रो (एक्सेलमधे चालणारा छोटा प्रोग्राम) करून दिलाय, त्यात रुपयाला राउंड होतं. एका बिलात शीटवर १५८.५० चे १५९ झाले आणि मॅक्रोने छापले १५८. सगळीकडे नाही, कुठं कुठंच. हे काय?

दर उचलायचा फॉर्म्युला पण देऊन ठेवतो, बघा काही चुकतंय का: =व्हीलुकअप(फॅट, दरपत्रक, ४, १). दरपत्रकात पहिला कॉलम फॅटचा आहे, ३.० लिहिलं आणि खाली =ए२+०.१ करून ओढत नेलंय.

---

ऑडिटवाली_ताई

खरे टक्के ४०.५७, २९.६३, १८.६३ आणि ११.१७ आहेत. पहिल्या तिन्हींचा दशांश अर्ध्याच्या वर, म्हणून तिघेही वर गेले आणि बेरीज १०१ झाली, चूक काही नाही. एक दशांश दाखवा, ४०.६, २९.६, १८.६, ११.२, बरोब्बर १०० येतात. एखाद्या वर्षी एक दशांशानेही ९९.९ आले तर खाली बारीक अक्षरात लिहा की टक्के गोल केल्याने बेरीज किंचित वेगळी दिसू शकते. जुळवण्यासाठी कुणा एका वाडीचा आकडा हाताने कमी करू नका. त्या वाडीतला माणूस सभेत असतो.

---

मॅक्रोतला_माणूस

मॅक्रोचं सोपं आहे. शीटवरचं राउंड अर्ध्याला नेहमी शून्यापासून लांब नेतं, २.५ चे ३, ३.५ चे ४, उणे २.५ चे उणे ३. व्हीबीए म्हणजे मॅक्रोच्या भाषेतलं राउंड मात्र अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याला जातं, २.५ चे २, ३.५ चे ४, १५८.५ चे १५८, १५९.५ चे १६०. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात, पायथनचं राउंडही असंच वागतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते चांगलं, कारण अर्धे वर अर्धे खाली जातात, पण एकाच संस्थेत दोन नियम नकोत. मॅक्रोत नुसत्या राउंडऐवजी ॲप्लिकेशन डॉट वर्कशीटफंक्शन डॉट राउंड वापरा, शीटसारखंच येईल.

पण भाऊ, खरी गोष्ट तुमच्या व्हीलुकअपमधे आहे आणि ती नऊ पैशापेक्षा खूप मोठी आहे, म्हणून शांतपणे वाचा.

तुम्ही लिहिलंय की आम्ही मुद्दाम कुठंच राउंड करत नाही. बरोबर, मुद्दाम नाही. पण शेवटी ते १ टाकलंय ना, म्हणजे ॲप्रॉक्सिमेट मॅच, त्याचा अर्थ "हा आकडा नसेल तर त्याच्या खालचा घे" असा होतो. तुमचं मशीन फॅट दोन दशांशात देतं का? देत असेल तर ३.४७ आलं की फॉर्म्युला दरपत्रकात ३.४ ला जाऊन थांबतो. ३.४९ ला पण ३.४. म्हणजे तुमच्या शीटमधे प्रत्येक ओळीला राउंडडाउन चाललंय, फक्त ते शब्द कुठं लिहिलेले नाहीत म्हणून दिसत नाही.

शेवटचा अंक ० ते ९ यातला कुठलाही येऊ शकतो असं धरलं तर खाली कापल्याने दर ओळीला ० ते ०.०९ फॅट जातं, सरासरी ०.०४५. तुमच्याकडे ०.१ ला ३० पैसे, म्हणजे लिटरमागे साडेतेरा पैसे. रोजचे १२०० लिटर धरा, १६२ रुपये रोज, वर्षाला ५९,१३०. आणि हे कधीही उत्पादकाच्या बाजूने जात नाही, प्रत्येक वेळी त्याच्या विरुद्धच. नीट राउंड केलं असतं तर काही ओळी वर गेल्या असत्या काही खाली, वर्षाअखेर जवळपास मिटलं असतं.

यावरनं एक जुनी आणि खरी गोष्ट सांगतो. कॅनडात व्हँकूवरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मधे नवीन निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर निर्देशांक नव्याने काढायचा आणि तीन दशांशानंतरचं शेपूट कापून टाकायचं, गोल नाही करायचं, कापायचं. दिवसाला असं हजारो वेळा व्हायचं. बाजार बरा चालला होता तरी निर्देशांक खालीच चाललाय असं दिसत राहिलं, नोव्हेंबर १९८३ पर्यंत ५२४.८११ वर आला. शोध घेतला, परत हिशोब केला, खरा आकडा निघाला १०९८.८९२. दर वेळेला एका हजारांशापेक्षाही कमीच जात होतं, फक्त एकाच बाजूला जात होतं.

दुसरी भानगड तुमच्या दरपत्रकात आहे. ०.१ हा आकडा कॉम्प्युटर आत बायनरीत ठेवतो आणि त्यात तो पूर्ण बसतच नाही, जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही. त्यामुळे ०.१ मिळवत मिळवत खाली ओढलं की काही ओळी पुढे केसभर जास्तीच्या होतात. ३.७ ची ओळ आत ३.७००००००००००००००६ अशी असू शकते. मग ज्याचं फॅट बरोब्बर ३.७० आलं त्याला ती ओळ स्वतःपेक्षा मोठी वाटते आणि फॉर्म्युला ३.६ चा दर देऊन मोकळा. पूर्ण एक पॉइंट गेला, लिटरला ३० पैसे. स्क्रीनवर दोन्हीकडे ३.७ च दिसणार, डोळ्यांनी सापडणं अशक्य.

तपासायला एक करा, दरपत्रकाशेजारी एका कॉलममधे ३.०, ३.१ असं हाताने टाइप करा आणि तेच आकडे शोधत व्हीलुकअप लावून बघा, कुठल्या ओळीला खालचा दर येतो ते लगेच दिसेल. दुरुस्ती म्हणजे दरपत्रकात =राउंड(ए२+०.१,१) आणि शोधताना व्हीलुकअप(राउंड(फॅट,१), ...). एसएनएफला वेगळं लुकअप असेल तर तिथंही हेच.

३.४५ चे ३.५ धरायचे का, की दरपत्रकच दोन दशांशाचं करायचं, हे एक्सेल ठरवणार नाही, तुमच्या कमिटीने ठरवायचं. माझं मत विचाराल तर दोन दशांशाचं करा. मशीन जेवढं मोजतं तेवढ्याचे पैसे द्या.

---

गोठा_आणि_गणित

मी स्वतः दूध घालतो म्हणून दोनच गोष्टी.

एक, ३.५ च्या खाली गेलं की दर कापतात आणि पावतीवर एकच दशांश छापतात. ३.४६ चं पावतीवर ३.५ छापलं जातं आणि दर मिळतो ३.४ चा. पावती बघून माणूस म्हणणार माझं साडेतीन असून का कापलं. १९९२ साली जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या निवडणुकीत असंच झालेलं, ग्रीन पक्षाला ४.९७ टक्के मतं होती, तक्त्यात एका दशांशाला गोल होऊन ५.० छापलं गेलं, आणि तिथं सभागृहात शिरायला ५ टक्के लागतात. मतमोजणी झाल्यावर रात्री लक्षात आलं आणि जागांचा हिशोबच बदलला. जिथं सीमारेषा आहे तिथं आकडा पूर्ण छापा.

दोन, सरासरी फॅट ३.५७१४२८५७ लिहिलंय ते कसं काढलं? नुसतं ॲव्हरेज लावलं असेल तर दशांश किती ठेवायचे हा प्रश्न नंतरचा, आधी आकडाच चुकीचा आहे. एकाने ३ लिटर ४.२ चं घातलं आणि दुसऱ्याने ४० लिटर ३.४ चं घातलं, तर साधी सरासरी ३.८ येते, पण कॅनमधलं दूध ३.४६ चं आहे. लिटर गुणिले फॅट याची बेरीज भागिले एकूण लिटर, समप्रॉडक्टने एका ओळीत होतं. भागाकार झाल्यावर शेवटी एकदाच दोन दशांशाला राउंड करा, मधे कुठंही नाही.

---

संकलन_हिशोब

काल रात्री जेवण झाल्यावर बसलो ते दीड वाजला. सगळ्यांनी सांगितलेलं एकेक करून बघितलं.

मशीन दोन दशांशच देतं. दरपत्रकात ३.३ पासून पुढे बऱ्याच ओळी केसभर वर निघाल्या, हाताने टाइप केलेला ३.७ शोधला तर समोर ३.६ चा दर. माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, तीनदा करून बघितलं. गेल्या दहा दिवसांच्या सगळ्या ओळी दोन दशांशाच्या दराने परत काढल्या, १२,०४० लिटरला १,८४२ रुपये कमी दिले गेलेत. दहा दिवसात. आणि हे शीट मी गेली दोन वर्षं वापरतोय.

आता एक कोडं पण सुटलं. आम्ही दूध संघाला टँकर देतो तेव्हा त्यांच्या मोजणीत फॅट दरवेळी आमच्या सरासरीपेक्षा थोडं जास्त लागायचं आणि वर्षाअखेर संस्थेला वाढावा दिसायचा. कमिटीत सगळ्यांना वाटायचं आपलं संकलन चोख आहे. सरासरी पण मी साधीच काढत होतो, शिवाय कापलेल्या फॅटवरनं, त्यामुळं काही ताळाच लागत नव्हता.

सकाळी चेअरमन अण्णांच्या घरी लॅपटॉप घेऊन गेलो. आधी जरा गप्प झाले, मग म्हणाले वाढावा ज्यांचा आहे त्यांना द्यायचा, त्यात मीटिंग कसली, पण ठराव मात्र रीतसर करू. मशीनचं मूळ रीडिंग दोन वर्षांचं सगळं आहे, शीटवाला दादांनी सांगितलं तसं त्या कॉलमला मी कधी हात लावलेला नव्हता, त्यामुळं प्रत्येकाचा फरक ओळीनिशी काढता येतोय. या बिलापासून दोन दशांशाचं दरपत्रक, पावतीवर फॅट ३.४६ असं पूर्ण, आणि खाली राउंड ऑफची ओळ.

नऊ पैसेवाल्या काकांकडे दुपारी जाऊन आलो. त्यांचे दोन वर्षांचे १,१२६ रुपये निघतायत. त्यांनी कागद घेतला, आतनं कॅल्क्युलेटर मागवला आणि माझ्यासमोर बसून पहिल्या दोन महिन्यांची बेरीज करून बघितली. जुळली.

एकच राहिलं, मागच्या वर्षी चार उत्पादक दूध बंद करून गेले, त्यांचे खाते नंबर बंद आहेत. त्यांचा फरक टॅलीत कुठल्या लेजरला ठेवू, ताई?

---

ऑडिटवाली_ताई

राउंड ऑफमधे अजिबात टाकू नका. "उत्पादक देणे" म्हणून देणं दाखवा, चौघांची नावं आणि रकमा वेगळ्या, आणि त्यांना कळवा. रोख दिलीत तर सही घ्या, बँकेत टाकलीत तर नोंद जोडा. ठरावात दोन वर्षांची तारीख कुठून कुठपर्यंत ते स्पष्ट लिहा.